कांद्याच्या चाळीला जे जमतं, ते कॅम्पर व्हॅनमधल्या फ्रीजला का जमत नाही?

मे महिना संपत आला की भंडारदऱ्याला काजवे बघायला जाणाऱ्यांची गर्दी सुरू होते. अलीकडे या गर्दीत एक नवी जमात दिसायला लागलीय. हॉटेल नको, तंबू नको, स्वतःची व्हॅन घेऊन येणारी. मागे गादी, बाजूला छोटा ओटा, टपावर सोलर पॅनल आणि ओट्याखाली बसवलेला फ्रीज.

समजा, तुम्हीही अशीच एक व्हॅन घेऊन सकाळी उशिरा नगर शहरातून निघालात. राहुरी, संगमनेर, अकोले, राजूर करत संध्याकाळी धरणावर पोहोचलात. चहा टाकावा म्हणून फ्रीज उघडला, तर दूध नासलेलं. पनीरला वास. चॉकलेटचा पार लगदा.

फ्रीज बंद पडला होता का? अजिबात नाही. दिवसभर घरघरत होता. उलट इतका घरघरला की बॅटरीपण खाऊन बसला.

साहजिकच पहिला संशय फ्रीजवर जातो आणि दुसरा बॅटरीवर. पण बऱ्याचदा हे दोघंही निर्दोष असतात. खरी गडबड असते ती फ्रीज ज्या खोक्यात बसवलाय, त्या खोक्यात. आणि त्यावरचा उपाय शोधायला परदेशी व्हिडिओ बघत बसायची गरज नाही. नगर जिल्ह्यातल्या कुठल्याही कांदा उत्पादक शेतकऱ्याच्या दारात तो उभा आहे. त्याचं नाव कांदा चाळ.

कसं काय? तेच बघूया.

आधी एक गैरसमज काढून टाकू

आपल्याला वाटतं फ्रीज थंडी तयार करतो. तसं काही नसतं. फ्रीज हमाल आहे. आतली उष्णता उचलायची आणि बाहेर नेऊन टाकायची, एवढंच त्याचं काम.

आतल्या नळ्यांमध्ये एक द्रव असतो. तो उकळून त्याचा वायू होताना आतली उष्णता शोषून घेतो. कॉम्प्रेसर त्या वायूला दाबतो, त्यामुळे तो चांगलाच तापतो. मग हा तापलेला वायू मागच्या किंवा खालच्या जाळीतून फिरतो. या जाळीला म्हणतात कंडेन्सर. तिथे तो आपली उष्णता बाहेरच्या हवेला देतो, परत द्रव होतो आणि पुन्हा आत जातो. हेच चक्र सारखं चालू राहतं.

म्हणजे फ्रीजला दोन बाजू असतात. एक थंड पेटी आणि दुसरी गरम जाळी.

या दोन बाजूंच्या गरजा एकमेकींच्या बरोबर उलट आहेत. थंड पेटीला पाहिजे घोंगडी, म्हणजे बाहेरची उष्णता आत येणार नाही. गरम जाळीला पाहिजे मोकळी हवा, म्हणजे उष्णता निघून जाईल. लोक करतात काय, तर दोघांनाही एकच घोंगडी गुंडाळतात. भर उन्हात पोती वाहणाऱ्या हमालाच्या अंगावर घोंगडी टाकल्यावर जे होईल, तेच मग फ्रीजचं होतं.

उष्णता दुप्पट, काम चौपट

आता थोडं गणित. घाबरू नका, सोपं आहे.

फ्रीजच्या आत ४ अंश सेल्सिअस ठेवायचंय. भंडारदऱ्याच्या रात्री फ्रीजभोवतीची हवा २४ अंश आहे असं धरू. म्हणजे फरक २० अंशांचा. दुसरीकडे नगरच्या दुपारी, बंद खोक्यात अडकलेल्या फ्रीजभोवती ४४ अंश आहे. म्हणजे फरक ४० अंशांचा.

फरक दुप्पट झाला की दोन गोष्टी होतात. एक, भिंतीतून आत झिरपणारी उष्णता दुप्पट होते. दोन, तेवढीच उष्णता बाहेर ढकलायला लागणारी मेहनतही दुप्पट होते, कारण हमालाला दुप्पट उंच जिना चढायचाय. पोती दुप्पट आणि जिनाही दुप्पट, म्हणजे काम झालं चौपट.

हा झाला आदर्श यंत्राचा हिशेब. खऱ्या फ्रीजमध्ये आकडे थोडे इकडेतिकडे होतात, पण रोख हाच.

आणि इथेच खरी गोम आहे. बंद खोक्यात फ्रीजने बाहेर टाकलेली उष्णता तिथेच साचते. त्यामुळे खोकं तापतं. खोकं तापलं की फ्रीजला जास्त चालावं लागतं. जास्त चालला की आणखी उष्णता टाकतो. फिरून फिरून भोपळे चौकात!

याचा थेट फटका बसतो बॅटरीला. १२ व्होल्टचा छोटा कॉम्प्रेसर फ्रीज चालू असताना साधारण ४ अँपिअर ओढतो असं धरा. दिवसाच्या ३० टक्के वेळ चालला तर २४ तासांत सुमारे २९ अँपिअर-तास लागतात. ६० टक्के वेळ चालला तर ५८. आता १०० अँपिअर-तासांची साधी लेड-ॲसिड बॅटरी टिकवायची असेल तर तिच्यातली निम्मीच वीज वापरायची असते, म्हणजे ५०. पहिल्या हिशेबात दीड दिवसापेक्षा जास्त निघतो. दुसऱ्या हिशेबात एक दिवसही धड निघत नाही.

फ्रीज तोच, बॅटरी तीच. फरक फक्त हवेचा.

त्यात अशा अनेक फ्रीजमध्ये कॉम्प्रेसर चालवणारं इलेक्ट्रॉनिक युनिट असतं. ते जास्त तापलं की स्वतःला वाचवण्यासाठी कॉम्प्रेसर बंद करतं. म्हणजे ज्या दुपारी फ्रीजची सगळ्यात जास्त गरज असते, नेमका त्याच दुपारी तो संपावर जातो.

आता कांदा चाळ

नगर जिल्हा, म्हणजे २०२४ मध्ये नाव बदललेला अहिल्यानगर, क्षेत्रफळाने महाराष्ट्रातला सगळ्यात मोठा जिल्हा. कांद्याच्या पट्ट्यातला. उन्हाळी कांदा काढायचा, भाव येईपर्यंत चार-सहा महिने टिकवायचा, हे इथल्या शेतकऱ्याचं गणित. आणि कांदा जिवंत असतो. तो श्वास घेतो, उष्णता आणि ओलावा बाहेर टाकतो. ही उष्णता ढिगात अडकली की कांदा सडतो.

म्हणून चाळ जमिनीला टेकवून बांधत नाहीत. तिचा तळ साधारण दीड-दोन फूट उचललेला असतो. तळाला फटी ठेवून पट्ट्या मारलेल्या असतात. खालून तुलनेने गार हवा आत शिरते, कांद्यातून वर जाताना उष्णता आणि ओलावा घेते आणि वरून बाहेर पडते. पंखा नाही, वीज नाही. गरम हवा हलकी असते, ती वर जाते, एवढ्या एका गोष्टीवर सगळा खेळ चालतो.

आणखी एक बारकावा. चाळीची रुंदी उगाच वाढवत नाहीत. कांद्याची पाखी साधारण चार फुटांचीच ठेवतात, कारण त्यापेक्षा रुंद केली तर मधल्या कांद्यापर्यंत हवा पोहोचत नाही. हवा बाजूने निघून गेली तर उपयोग काय? ती माल ठेवलाय तिथूनच जायला पाहिजे.

व्हॅनमधल्या फ्रीजचे तिन्ही नियम यातच आले. खालून हवा आत, वरून बाहेर, आणि मधल्या वाटेत ती कंडेन्सरला घासूनच गेली पाहिजे.

मग खोकं कसं बनवायचं?

पहिली गोष्ट, फ्रीजसोबत आलेलं मॅन्युअल वाचा. मागे किती जागा सोडायची, झरोका किती मोठा पाहिजे, हे त्यात लिहिलेलं असतं. लिहिलेलं नसेल तर खाली एक आणि वर एक, अशी दोन तोंडं ठेवा. प्रत्येकाचं मोकळं क्षेत्रफळ निदान २०० चौरस सेंटीमीटर असावं. म्हणजे साधारण एका विटेच्या रुंद बाजूएवढं. त्यावर शोभेची जाळी बसवणार असाल तर तोंड आणखी मोठं कापा, कारण जाळीच्या पट्ट्या बरीच जागा खातात.

दुसरी गोष्ट, गरम हवेला परतीची वाट बंद करा. वरून निघालेली गरम हवा फ्रीजच्या बाजूने खाली येऊन परत आत शिरली, तर दोन्ही तोंडं असून नसल्यासारखीच. त्यासाठी मागच्या मोकळ्या जागेत प्लायचा छोटा आडोसा किंवा फोमची पट्टी लावतात, म्हणजे आत येणारी आणि बाहेर जाणारी हवा एकमेकींत मिसळत नाही.

तिसरी गोष्ट, पंखा. चाळीची उंची भरपूर असते, ओट्याखालच्या फ्रीजला तेवढी उंची मिळत नाही. त्यामुळे नुसत्या गरम हवेच्या चढण्यावर भागत नाही. संगणकात असतो तसा १२ व्होल्टचा छोटा पंखा वरच्या तोंडाशी, बाहेर ओढेल असा लावला तर मोठा फरक पडतो. हा पंखा जेमतेम दोन वॉट घेतो आणि कॉम्प्रेसरची कितीतरी जास्त वीज वाचवतो. तो कॉम्प्रेसरसोबतच चालू-बंद होईल अशी जोडणी केली की काम झालं.

गाडीला भोक पाडावं का?

आता तुम्ही म्हणाल, परदेशातल्या व्हॅनला बाहेरून फ्रीजच्या जाळ्या असतात, मग आपणही पत्रा कापूया.

थांबा. त्यातले बरेच फ्रीज गॅसवर चालणारे असतात. त्यात ज्योत असते, धूर होतो आणि तो गाडीच्या बाहेर जाणं जिवासाठी गरजेचं असतं. कॉम्प्रेसर फ्रीजमध्ये ना ज्योत, ना धूर. तो फक्त गरम हवा सोडतो. ती हवा व्हॅनच्या आतच सोडली तरी चालतं.

त्याने व्हॅन तापणार नाही का? थोडी तापेल, पण किती ते बघा. छोट्या फ्रीजची बाहेर पडणारी उष्णता दिवसभराच्या सरासरीने एखाद्या जुन्या पिवळ्या बल्बइतकी असते. याउलट भर दुपारी टपाच्या एका चौरस मीटरवर पडणारं ऊन हजार वॉटच्या आसपास जातं. म्हणजे तुमचा खरा शत्रू फ्रीज नाही, टपाचा पत्रा आहे. टपाला आतून इन्सुलेशन, छतावर हवा बाहेर फेकणारा पंखा आणि झाडाची सावली या तीन गोष्टींनी फ्रीजचं ओझं आपोआप हलकं होतं. दुपारनंतर गाडी लावताना फ्रीजची बाजू पश्चिमेला येणार नाही एवढं बघितलं तरी फरक जाणवतो.

काही जण जमिनीतून गार हवा घ्यायला गाडीच्या तळाला भोक पाडतात. कल्पना चाळीसारखीच आहे, पण चाळ रस्त्यावर धावत नाही. तळाचं भोक सायलेन्सरच्या जवळ असेल तर धुराबरोबर कार्बन मोनॉक्साइड आत येऊ शकतो. त्याला रंग नाही, वास नाही आणि झोपेत तो जीव घेतो. शिवाय पाथर्डी-जामखेडकडची धूळ आणि अकोल्याच्या घाटातलं पाणी, दोन्ही त्याच भोकातून आत येणार. धुळीने कंडेन्सर बुजला की तोही एक प्रकारे घोंगडीच पांघरतो.

आणि कायद्याचाही विषय आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार गाडीच्या मूळ रचनेत मनमानी बदल करता येत नाहीत. राहण्यासाठी बनवलेल्या गाड्यांसाठी एआयएस-१२४ नावाचं वेगळं मानक आहे. राज्याने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरणही आणलं. गंमत म्हणजे, गाड्यांचे नमुने तपासून मान्यता देण्याचा अधिकार असलेल्या देशातल्या मोजक्या संस्थांपैकी एक नगरमध्येच आहे, डीआरडीओची व्हीआरडीई. तेव्हा पत्रा कापण्याआधी आरटीओचे नियम बघून घ्या.

घोंगडी कुठे घालायची?

आता दुसरी बाजू, म्हणजे थंड पेटीचं इन्सुलेशन.

इन्सुलेशन थंडी देत नाही, ते फक्त उष्णतेचा वेग कमी करतं. बर्फाच्या लादीवर भुसा आणि गोणपाट टाकतात ते याचसाठी. हे किती काम करतं? १८३३ मध्ये अमेरिकेतल्या बोस्टनहून १८० टन बर्फ जहाजात भरून कलकत्त्याला पाठवला होता. चार महिन्यांचा प्रवास, विषुववृत्त दोनदा ओलांडलं, फ्रीज नावाची गोष्ट नाही. तरी सुमारे १०० टन बर्फ शाबूत पोहोचला, तो आवरणाच्या जोरावर. पुढे मुंबईतही असा बर्फ येऊ लागला आणि त्यासाठी बर्फखाना उभा राहिला.

व्हॅनच्या फ्रीजच्या भिंतीत कंपनीने पफ भरलेलं असतंच, पण जागा वाचवायची म्हणून ते बऱ्याचदा पातळ असतं. त्यावर बाहेरून आणखी इंचभर चांगला फोम लावला तर आत झिरपणारी उष्णता बऱ्यापैकी कमी होते.

पण लावण्याआधी एक तपासणी करायचीच. फ्रीज तासभर चालू द्या आणि त्याच्या प्रत्येक बाजूला हात लावून बघा. घरातल्या फ्रीजच्या कडा कधीकधी गरम लागतात, आठवतंय? काही फ्रीजमध्ये कंडेन्सरच्या नळ्या मागे न ठेवता बाजूच्या पत्र्यामागे लपवलेल्या असतात. जी बाजू कोमट लागते, ती फ्रीजची श्वास घ्यायची बाजू. तिला फोम लावला तर तुम्ही स्वतःच्या हाताने त्याचा गळा आवळलात.

जी बाजू गार किंवा खोलीइतकीच लागते, तिला फोम लावा. कॉम्प्रेसर, जाळी आणि इलेक्ट्रॉनिक युनिटच्या आसपास काही नको.

फोम निवडताना पाणी न पिणारा निवडा. नगर जिल्ह्याच्या पूर्वेला पाऊस हुलकावणी देतो, तर पश्चिमेला घाटघर-भंडारदरा भागात धो धो कोसळतो. अशा दमट हवेत गार पृष्ठभागावर दव जमतं. काचेच्या लोकरीसारखं सामान हे पाणी पिऊन बसतं आणि ओलं इन्सुलेशन म्हणजे ओली गोधडी, ऊब नाही आणि वास मात्र फुकट. पफचे किंवा एक्सपीएसचे कडक बोर्ड घ्या, सांधे टेपने बंद करा. बोर्ड आग लवकर न पकडणारा असावा आणि वायरच्या जोडांपासून लांब ठेवावा.

आणि फ्रीजला खिळे-स्क्रू मारू नका. भिंतीत नळ्या असू शकतात. शिवाय काही फ्रीजमध्ये आयसोब्युटेन नावाचा पेट घेणारा वायू असतो. एका चुकीच्या भोकात फ्रीजही जाईल आणि धोकाही ओढवेल.

आपलं काम जमलंय हे कसं ओळखायचं?

महागडी उपकरणं नकोत. दोन स्वस्त थर्मामीटर आणि एक उदबत्ती पुरते.

एक थर्मामीटर फ्रीजच्या मागच्या पोकळीत ठेवा, दुसरा व्हॅनमध्ये सावलीत. दुपारी तीन वाजता दोन्ही बघा. मागचा आकडा पाच-सात अंशांनी जास्त असेल तर हवा खेळत नाहीये. अगदी जवळपास असतील तर चाळ जमली म्हणायची.

उदबत्ती पेटवून खालच्या तोंडाशी धरा. आधी शेगडीचा गॅस मात्र बंद असू द्या. धूर आत ओढला गेला आणि वरून बाहेर आला की वाट मोकळी आहे. धूर तिथेच घुटमळला तर कुठेतरी अडलंय.

एवढं करूनही फ्रीज मध्येच बंद पडत असेल तर वायर तपासा. बॅटरीपासून फ्रीजपर्यंत बारीक वायर टाकली की वाटेत व्होल्टेज पडतं आणि बॅटरी भरलेली असूनही फ्रीजला ती रिकामी वाटते.

एवढा खटाटोप दुधासाठीच?

नगर दुधाचाही जिल्हा आहे. इथे गावागावातल्या संकलन केंद्रात दूध आलं की ते लगेच ४ अंशांपर्यंत गार करतात. त्या कूलरची टाकी जाड पफमध्ये गुंडाळलेली असते आणि कंडेन्सर मात्र पंख्यासकट मोकळ्या हवेत ठेवलेला असतो. दूधवाल्यांना हा नियम पाठ आहे, कारण चुकलं तर अख्खी टाकी फुकट जाते.

व्हॅनमध्ये मात्र दुधापेक्षा मोठी गोष्ट असू शकते. सोबत आई-वडील असतील आणि त्यांना मधुमेह असेल, तर त्याच फ्रीजमध्ये इन्सुलिनही असतं. न उघडलेलं इन्सुलिन २ ते ८ अंशांत ठेवायचं असतं. तापलं तर त्याची ताकद जाते आणि गोठलं तर ते फेकूनच द्यावं लागतं, म्हणून ते बर्फाच्या कप्प्याला चिकटवूनही ठेवायचं नसतं. नासलेलं दूध वासावरून कळतं. बिघडलेलं इन्सुलिन बऱ्याचदा दिसायला जसंच्या तसं असतं. कळतं ते थेट साखर वाढल्यावर, तेही रेंज नसलेल्या घाटात.

म्हणून पुढच्या ट्रिपआधी सोलर पॅनल वाढवायचा विचार करत असाल, तर आधी ओट्याखाली वाकून बघा. फ्रीजच्या मागे हात घाला. हवा खेळतेय की कोंडलीय, हे हातालाच कळेल. कोंडली असेल तर नवीन बॅटरीआधी एक करवत, दोन जाळ्या आणि एक छोटा पंखा घ्या.